वाकळीतला नाला

वाशीमला कोणी हवापालटासाठी जात नाही. तेव्हा मी तिकडे का गेले ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे डोंगर आणि धबधबे येतील अशी आशा कोणी धरायला नको. माझा धाकटा भाऊ वामन वाशीमकडच्या एका खेड्यात मास्तर होता. नोकरी सोडल्यावरही तो तिथेच राहिला, कारण गावच्या तळ्याखाली त्याने आणि त्याच्या बायकोने, गोदूने, एक शेत केले होते. आदल्या वर्षी भाद्रपदात ते तळे फुटले आणि शेत वाहून गेले. त्याच दिवाळीनंतर गोदू तापाने गेली. मूलबाळ नव्हते.

कार्तिकात तिचे वर्षश्राद्ध होते. ते उरकायचे, घर आवरायचे आणि वामनला पुण्याला माझ्या दोन खोल्यांत आणून ठेवायचे, असा माझा बेत. मी मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवते आणि कापड बेतल्याप्रमाणेच शिवले जावे अशी मला सवय आहे. श्राद्धाला शय्यादान होते. खाट, गादी, उशी, पांघरूण, छत्री, वहाणा, असे गेलेल्या माणसाला तिकडे लागेल ते सगळे इथल्या ब्राह्मणाला द्यायचे. त्यातले पांघरूण मी सोबत घेतले होते. नवीकोरी रजाई, रेशमी गोटाची.

खेड्याचे नाव मुद्दाम देत नाही. तिथले भटजी हयात आहेत आणि त्यांच्या घरी मासिके येतात.

वाशीम

अकोल्याहून लहान रुळांची गाडी सकाळी वाशीमला पोचली. स्टेशनाबाहेर एका म्हाताऱ्या टांगेवाल्याला विचारले, शिरपूरची मोटार कुठून सुटते?

"कोनाच्या घरी जाऊन राह्यली तू?" तो म्हणाला.

पुण्यात मला 'तू' म्हणणारी माणसे केव्हाच संपली. इथे उतरल्याला पाच मिनिटे झाली नव्हती.

"मोटार कुठे मिळते ते सांगा."

"मोटार कुठं पयून जाते? आधी सांग ना, कोनाच्या घरी?"

आमच्याकडे पत्ता विचारला तर लोक हात दाखवून मोकळे होतात. हात दाखवलेली दिशा चुकीची असली तरी त्यांचे काही जात नाही. इथे आपली सगळी हकीकत सांगितल्याशिवाय रस्ता मिळत नाही, पण मिळतो तो बरोबर मिळतो. मी गावाचे आणि भावाचे नाव सांगितले. टांगेवाल्याने शेजारच्याकडे पाहिले, शेजारच्याने मिशीवरून हात फिरवला.

"म्हंजे थो शिवनारा मास्तर?"

मी म्हटले, माझा भाऊ शिकवणारा मास्तर होता, शिवते ती मी. म्हातारा माझ्याकडे जरा कीव आल्यासारखा पाहत राहिला. मग मला मोटारीपर्यंत सोडून आला आणि ड्रायव्हरला म्हणाला, "ही शिवनाऱ्या मास्तरची बहीन हाय. समोर बसव."

शिरपूर

मोटारीत पुढची जागा मिळाली, पण रजाईचे गाठोडे मागे राहिले. यात्रेला निघालेल्या एका दांडग्या बाईने ते अंगाखाली घेतले आणि शिरपूर येईपर्यंत सोडले नाही. उतरताना मी गाठोडे मागितले तेव्हा ती म्हणाली, "मऊ हाय वं तुहं सामान." रजाईचा मधला भाग पुढे कितीही झटकला तरी फुगला नाही.

शिरपूरला पार्श्वनाथाचे जुने देऊळ आहे. मूर्ती जमिनीला टेकत नाही अशी ख्याती. यात्रेकरूंच्या रांगेत उभी राहून मीही वाकून पाहिले. अंधार होता, मागून लोक ढकलत होते आणि माझा चष्मा नाकावरून घसरत होता. तेव्हा मूर्तीबद्दल मी काही सांगत नाही, चष्मा मात्र टेकला नाही, मी वरच्यावर पकडला.

देवळाजवळ एका बाईने ज्वारीची भाकर, झुणका आणि मिरचीचा ठेचा वाढला. आमच्या आमटीत आम्ही गूळ घालतो हे तिला सांगितले. तिने लगेच विचारले, "काहून, तब्येत बरी नसते का तुमची?" ठेच्याचा एक घास घेतल्यावर मी पाण्याचा तांब्या मागितला.

पुढचे दोन कोस बैलांच्या दमणीतून जायचे होते. वामनने गणपत नावाच्या शेतकऱ्याला पाठवले होते. पन्नाशीचा, काटक, बैलांशी माणसांपेक्षा आदराने बोलणारा. दोन्ही बाजूंना ज्वारी दमणीच्या वर गेली होती आणि मधूनमधून कपाशी फुटलेली दिसत होती. थोडा वेळ गेल्यावर गणपतने मान न वळवता विचारले,

"बाई, पुन्यात मानसं शिवतात काय?"

"शिंपी शिवतात की."

"शिंप्याचं सोड. मास्तर शिवतात काय?"

"काय झालंय ते सरळ सांग ना."

"काई नाई. पिंजाऱ्याच्या ओसरीवर बसून वाकय शिवून राह्यला तुहा भाऊ. उन्हाळ्यापासून. सारं गाव हासते." आणि बैलांना हाकून झाल्यावर तो म्हणाला, "माहंही वावर तयाखालीच होतं. गेलं. मी कुठं सुई घेतली?"

वाकय म्हणजे वाकळ, जुन्या लुगड्यांची गोधडी. मी पुण्याच्या दोन खोल्यांतली कुठली खोली वामनला द्यायची ते ठरवत बसले होते. ते थांबवून आता डॉक्टर कोणता दाखवायचा याचा विचार करू लागले.

पिंजाऱ्याची ओसरी

गावात शिरल्या शिरल्या पिंजाऱ्याचे घर. आत कापूस पिंजण्याच्या तातीचा टणत्कार चाललेला, आणि ओसरीवर माझा भाऊ मांडी घालून बसलेला. मांडीवर रंगीबेरंगी कापडाचा ढीग, दातांत दोरा.

"वामन, हे काय?"

त्याने दोरा तोडला. "ये ताई. गाडीला उशीर झाला का?"

"मी विचारते आहे, हे काय?"

"वाकळ."

त्याच्या समोर साठीच्या घरात आलेली एक बाई बसली होती. पिंजाऱ्याची बायको, बानूबी. गावातल्या रजया आणि वाकळी तिच्याच हातच्या. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले आणि बाजूला सरकून जागा केली.

"बस वं बाई. तुहा भाऊ मेहनती हाय, पन हात भल्ला जड. सुई अशी धरते जसा काई पेरनीची तिफन धरून राह्यला."

"मग शिकवता कशाला?"

"मी कायले शिकवू? रोज येऊन बसे. म्या म्हनलं, बसलाच हायेस तं हात चालव."

मी वाकळीचे एक टोक हातात घेतले. लुगडी गोदूची होती, ते लगेच ओळखले. हिरवे नागपुरी, हळदी रंगाचे घरात नेसायचे, माझ्याच हातून दिवाळीला गेलेले एक तांबडे. त्यांचे तुकडे ठिकठिकाणी जोडलेले होते, चौकोन म्हणावा तर चौकोन नाही, आणि मधून विटक्या पांढऱ्या पातळाचा एक पट्टा आडवातिडवा गेलेला. टाके तर विचारू नयेत. एक बोटभर लांब, दुसरा नखाएवढा, ओळ डावीकडे निघाली की मध्येच उजवीकडे वळायची. माझ्या शाळेत पहिलीच्या मुलीला मी अशी शिवण उसवायला लावली असती.

"श्राद्धाला हीच द्यायची आहे," वामन म्हणाला.

"पांघरूण मी आणलंय."

"ते ठेव. गोदूला ही जाईल."

तो एवढेच बोलला. गोदूशी माझे फारसे पटत नसे, हे इथे कबूल करायला हरकत नाही. ती कासोटा घालून मजूर बायांबरोबर शेतात दगड उचलायची आणि मला पत्र लिहायची ते खतावर. पण वर्षभर वामनच्या पत्रांत तिच्याबद्दल एक ओळ आली नव्हती. तो बाजारभाव आणि हवामान कळवायचा. मला वाटले होते, सावरला.

सरळ टाके

श्राद्धाला चार दिवस उरले होते आणि वाकळ पाऊणच झाली होती. दुसऱ्या दिवशी वामन दर्भ, तीळ, छत्री असले सामान आणायला वाशीमला गेला. मी घर झाडले, भांडी मोजून बांधली, आणि दुपारी रिकामी झाले. माझ्यासारख्या बाईला रिकामे ठेवणे धोक्याचे असते. मी पिंजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन वाकळ मांडीवर घेतली. म्हटले, भावाला हवीच आहे ना ही, तर निदान चारचौघांत दाखवण्यासारखी तरी होऊ दे.

तो विटका पांढरा पट्टा सर्वांत वाईट होता. तो मी पुरता उसवला, कडा दुमडून सरळ केला आणि वरपासून खालपर्यंत एकसारखे बारीक टाके घातले. पट्टीने आखल्यासारखे. बानूबी समोर बसून कापूस निवडत होती. ती मधून मधून पाहायची आणि पुन्हा कापसाकडे वळायची.

"कसं झालं?" मी शेवटी विचारले.

"लय सरय," ती म्हणाली. स्वरात मला तेव्हा कौतुकच ऐकू आले.

संध्याकाळी वामन आला. त्याने वाकळ उलगडली. पट्ट्यावरून बोट वरून खाली नेले आणि ते कुठेही न अडता शेवटाला पोचले तेव्हा तो तसाच उभा राहिला. माझा भाऊ लहानपणी पाटी फुटली तरी आरडाओरड करायचा. आता त्याने वाकळीची घडी घातली, खुंटीवर ठेवली आणि हात धुवायला गेला.

मी सकाळी बानूबीला गाठले. "तुम्हाला माहीत होतं काहीतरी."

"हाव."

"मग मला थांबवलं का नाही?"

"तू पुन्याची. शिकली-सवरली. मी म्हनलं, हिले कोन सांगावं?" तिने चष्म्यावरून, म्हणजे माझ्या चष्म्यावरून, माझ्या डोळ्यांत पाहिले. "जा. त्याले म्हन, रान दाखव."

तळ्याखालचे रान

गावापासून अर्ध्या कोसावर ते तळे. तळे म्हणजे आता नुसता मातीचा लांब बांध, आणि मधोमध दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढी खिंड. खिंडीतून खाली जे काही दिसले त्याला शेत म्हणायला मला वेळ लागला. काळी माती खरवडून नेली होती आणि खालचा मुरूम उघडा पडला होता. त्यावर वाळूचे आणि गोट्यांचे पांढरट लोट पसरलेले, आणि त्यांच्यातून एक नाला इकडे वळत तिकडे वळत गेलेला. एका बाजूला विहिरीचे तांबड्या विटांचे कडे तेवढे वर राहिले होते, आत काठोकाठ गाळ. त्याच्याजवळ एक लिंबाचे झाड, कागदी लिंबाचे, आडवे झालेले पण मेलेले नाही. आडव्या फांद्यांना हिरवी पाने होती. तिथला एवढाच हिरवा तुकडा.

मी खिंडीच्या कडेला उभी राहून खाली पाहिले आणि मला वाकळ दिसली. हिरवे नागपुरी कुठे होते ते दिसले. माझे दिवाळीचे तांबडे लुगडे विहीर झाले होते. आणि तो पांढरा विटका पट्टा.

वामन मास्तरच्या आवाजात बोलू लागला, हातात छडी असल्यासारखा. "हा बांध. फुटला तो इथे. पाणी आधी गणपतच्या शेतावर गेलं, मग आमच्या. हा नाला नवा. पूर्वी नव्हता. खालच्या ओढ्यापर्यंत सात ठिकाणी वळतो. मी रोज येऊन पाहायचो आणि जाऊन तेवढंच शिवायचो." तो थांबला. "तू काल दुपारी एका बैठकीत सरळ केलास. सरकारी ओव्हरसियरला वर्षभरात जमलं नाही."

मला हसू आले. खरे तर यायला नको होते. त्यालाही आले, मग दोघे त्या उजाड रानात उभे राहून बराच वेळ हसत होतो. हसणे थांबल्यावर मी विचारले, "हे सगळं कशासाठी रे? साधं बसून रडायचं होतं."

"रडायला बसलं की लोक येतात समजूत घालायला. चहा करावा लागतो. शिवायला बसलं की येत नाहीत, लांबून हसतात. ते बरं."

मग तो विहिरीच्या कड्यावर बसला आणि गोदूने ही विहीर कशी खणवली, कुठल्या हातावर दगड लागला, सुरुंगवाला कसा दोनदा पळून गेला, ते सांगू लागला. मी तासभर ऐकले. वर्षभराच्या पत्रांत जे नव्हते ते सगळे त्यात होते.

परत आल्यावर मी माझे टाके उसवले. मग नाला पुन्हा वाकडा करायला बसले, आणि इथे माझी फजिती झाली. आयुष्यभर सरळ शिवलेल्या हाताला वाकडे शिवता येत नाही. मी निश्चय करून वळण घ्यायची आणि चार टाक्यांनंतर ओळ आपोआप ताठ व्हायची.

"वाकडं, बाई," बानूबी म्हणायची. "अजून वाकडं. हे तं सरयच हाय."

"वळवलं की आता."

"हे वयन नाई. हे तं नुसतं लाजनं हाय."

ओसरीपुढून जाणाऱ्या बायका थांबून पाहू लागल्या. पुण्याची शिवणाची बाई पिंजारणीच्या शिव्या खात वाकडे शिवायला शिकते आहे, ही बातमी गावच्या टोकापर्यंत गेली. तीन वळणे माझी, चार वामनची. तिसरे वळण घेताना मला एकदम माझ्या नवऱ्याची आठवण आली, का ते सांगता येत नाही. ते गेले तेव्हा मी बावीस वर्षांची होते. मी ट्रेनिंगची परीक्षा दिली आणि पास झाले. बाकी काहीच केले नव्हते. त्या वळणावर सुई दोनदा बोटात गेली.

शेवटचा कोपरा शिवायच्या आधी बानूबीने हात पसरला. "काई खायाले दे. वाकयीचं पोट रिकामं ठेवू नाई." कोपऱ्यात भाकरीचा तुकडा आणि गूळ घालून मग तोंड शिवायचे, अशी तिच्याकडची रीत. मी मुंग्यांची शंका काढली, ती कोणी ऐकली नाही. वामनने भाकर आणली, पण गूळ आणला नाही. गुळाऐवजी बोटभर ठेचा लावला.

"तिला गोड आवडत नसे," तो म्हणाला.

शय्या

आदल्या दिवशी भटजी सामान पाहायला आले. खाट दाबून पाहिली, छत्री उघडून पाहिली, वहाणा हुंगून पाहिल्या. वाकळीपाशी ते थबकले.

"मास्तर, हे काय?"

"पांघरूण."

"शास्त्राने नवं पांघरूण सांगितलं आहे. हे जुनेर. शिवाय ठिगळांचं. शिवाय..." त्यांनी पिंजाऱ्याच्या घराच्या दिशेने हनुवटी केली. "शिवाय ह्यावर काढलंय काय, तर फुटलेलं तळं. मृताला तिथे तरी झोप लागू दे. ती पुण्याची रजाई आहे ना?"

"हीच जाईल," वामन म्हणाला. "नाहीतर शय्या नाही. श्राद्धही नाही."

माझा भाऊ आयुष्यात हट्टी नव्हता. भटजी छत्री मिटून निघून गेले. मग वामन आढ्याकडे पाहत बसला आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. वाकळ गेली नाही तर गोदूपर्यंत काहीच गेले नाही, असे त्याने मनाशी ठरवले होते. श्राद्धावर त्याचा विश्वास किती ते मला ठाऊक आहे, पण ह्या एका पांघरुणापुरता होता.

शय्या सवाष्णीच्या नावाची, म्हणून ती घेणार भटजी आणि त्यांची बायको दोघे जोडीने. मी वाकळ काखेत मारली आणि मागच्या दाराने भटजींच्या बायकोकडे गेले. गरीब, हडकुळी बाई, चुलीपुढे घोंगडी पांघरून बसलेली. मी वाकळ तिच्या मांडीवर ठेवली. तिने हात फिरवला. जुन्या लुगड्यांचे कापड किती मऊ होते ते मी सांगायला नको.

"मास्तरीनबाईचं हिरवं लुगडं," ती म्हणाली. "लिंबं द्यायले यायची ह्याच लुगड्यात." मग दाराकडे पाहून ती हळूच म्हणाली, "ह्यांचं शास्त्र-बिस्त्र काही नाही हो, बाई. शय्येत आलेल्या रजया वाशीमच्या दुकानात परत जातात. ह्या घरात किती रजया आल्या अन् गेल्या, मी आपली घोंगडीच पांघरते. ही दुकानदार घेनार नाही, म्हनून ह्यांले नको."

"कोणीच घेणार नाही ही," मी म्हटले.

"हाव ना," ती म्हणाली आणि हसली. समोरचे दोन दात नव्हते. "मले हेच पाहिजे."

घरात रात्री काय बोलणे झाले ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी भटजी वेळेवर आले. फक्त लोकांसमोर आपली बाजू राहावी म्हणून एकदा म्हणाले, "पिंजाऱ्याच्या घरी शिवलेलं, एवढंच जरा..."

"भटजी," मी विचारले, "ही गादी कोणी भरली?"

"पिंजाऱ्याने."

"तुमच्या घरच्या?"

गावात पिंजारी एकच होता. भटजी संकल्पाकडे वळले. ओसरीच्या खाली उभी राहून बानूबी म्हणाली, "अन् जुनी कशी? काल दुपारीच तं झाली."

संकल्प झाला. भटजींच्या बायकोने पदर पसरला. वामनने वाकळ दोन्ही हातांवर घेतली, भटजींनी पाणी सोडले आणि म्हणाले, "म्हणा, न मम." माझे नाही. दान देताना म्हणायचे असते ते.

वामन म्हणाला नाही.

"न मम," भटजी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने, मास्तरांना ऐकू कमी येत असेल म्हणून. अंगणात माणसे होती. गणपत होता. कोणी हसले नाही. वामनचा अंगठा वाकळीवर हलत होता, वरून खाली, वळणावळणाने. नाला संपेपर्यंत तो हलला. मग त्याने ते दोन शब्द म्हटले आणि वाकळ त्या बाईच्या पदरात ठेवली.

पुण्याची रजाईही भटजींनी नेली. ती बहुधा आता वाशीमला असेल.

निघताना

श्राद्ध झाल्यावर दोन दिवसांनी मी निघणार होते आणि वामन माझ्याबरोबर येणार होता. त्याने ट्रंकही काढली होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भटजींच्या बायकोने वाकळ उन्हात घातली, अंगणाच्या कुडावर, रस्त्याच्या बाजूने. रानात जाणारी माणसे थांबू लागली.

आधी बायका थांबल्या. मग एकाने विहीर ओळखली. मग बोटे लागली दिसायला. इथून पाणी आलं, इथं पाटलाचा गोठा होता, इथं माही मिरची होती. कुडापाशी जत्रा जमली. भटजी दारात उभे राहून, आपणच दाखवत असल्यासारखे, "लांबून पाहा, हात लावू नका," म्हणत होते.

थोड्या वेळाने गणपत तरातरा आमच्या दारात आला.

"मास्तर, माहं वावर कुठं हाय?"

"आहे की. पिवळं, डाव्या बाजूला."

"थे माहं? एवढंसं?" गणपत चांगलाच तापला होता. "अन् माही बाभूय कुठं गेली? बांधाले लागून होती. तिच्या खाली माह्या मायनं आमाले भाकर वाढली हाय. थे नाई काढली तुवा."

"बाभूळ विहिरीच्या बाजूला होती. बांधाला नव्हती."

"बांधालेच होती."

"मी रोज जात होतो, गणपत."

"माहा जलम झाला तिथं."

त्याने काखेतून एक गुंडाळी काढून वामनच्या पुढ्यात टाकली. धुऊन धुऊन विरलेले, निळ्या काठांचे जुने लुगडे. "मायचं हाय. माहं वावर शिव. बाभयीसकट."

दुपारपर्यंत आणखी दोघे येऊन गेले, एक जण धोतर घेऊन. बानूबीने कापसाची पाटी आणून आमच्याच ओसरीवर ठाण मांडले, कारण तिच्याकडे जागा पुरेना. गणपतच्या हातात तिने सुई दिली तेव्हा तो जरा इकडेतिकडे पाहून घेऊन खाली बसला.

ट्रंक मी परत आत नेऊन ठेवली. कोणी मला सांगितले नाही, पण तेवढे कळते.

शिरपूरपर्यंत दमणी गणपतचा भाऊ हाकणार होता. गणपतला वेळ नव्हता. मी सामान चढवून निरोप घ्यायला ओसरीवर आले तेव्हा निळ्या काठांचे लुगडे दोघांच्या मध्ये पसरलेले होते आणि बाभूळ कुठे उभी होती यावरून वामन आणि गणपत एकमेकांना खोटे ठरवत होते. बानूबी दोघांना सारख्याच शिव्या देत होती.

"वामन, मी निघाले."

"हां," त्याने मान वर न करता म्हटले. "पोचलीस की पत्र टाक. गणपत, बोट काढ तिथून. ती जागा नाल्याची आहे."